एकाच धावपट्टीवरची सहा विमाने: सामूहिक प्रकल्पात वेदरिंग किती आणि कसे करावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहा जणांनी मिळून १/४८ प्रमाणाची, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी, सहा मॉडेल विमाने करायची, त्यांत चार स्पिटफायर मार्क ९ आणि दोन टायफून ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमाने, आणि ती सगळी १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या एका तात्पुरत्या धावपट्टीवर उभी आहेत असे एका सामायिक बेसवर, म्हणजे मांडणीच्या फळीवर, दाखवायचे. तीन विमाने पूर्ण झाली आहेत. एक कारखान्यातून आताच आल्यासारखे स्वच्छ आहे, दुसऱ्याचा रंग जागोजाग उडून खालची चंदेरी धातू दिसते आहे, तिसऱ्यावर प्रत्येक पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांमधल्या सांध्याची रेघ, काळ्या वॉशने, म्हणजे खूप पातळ केलेल्या रंगाने, भरलेली आहे. तिन्ही एकेकटी पाहिली तर चांगली दिसतात, पण शेजारी ठेवली की ती एका तळावरची वाटत नाहीत. म्हणून तुम्ही विचारता की वेदरिंग, म्हणजे वापराच्या आणि ऊन-पावसाच्या खुणा रंगवणे, नेमके किती करावे आणि तिघांपैकी बरोबर कोण.

माझ्या मते अडचण वेदरिंगच्या प्रमाणाची नाही. तिघांनीही आपापल्या मनात एक वेगळा दिवस धरला आहे आणि त्या दिवसापुरते तिघेही कदाचित बरोबर आहेत. वेदरिंग म्हणजे शेवटी फासायचा मळ नव्हे. ते विमान त्या तारखेपर्यंत कुठे होते, किती उडाले, त्यावर कोण चढले आणि ते कोणी पुसले याची ती नोंद असते. नोंद कशाची करायची हेच ठरलेले नसेल तर सहा हातांनी सहा नोंदी होणार. हा गोंधळ रंगाच्या बाटल्या उघडण्यापूर्वी, कागदावर सोडवायचा असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. सामूहिक प्रकल्प म्हणजे एकाच विषयावर प्रत्येकाने आपापले मॉडेल करणे एवढेच असेल, तर खालील बहुतेक मजकूर तुम्हाला लागू नाही. तेथे प्रत्येकाची शैली वेगळी असण्यातच मजा आहे. तुमचा बेस एक आहे, म्हणून नियमही एक लागतो. मॉडेल हातभर अंतरावरून पाहिले जाणार की काचेमागे दोन मीटरवरून, यावरही बरेच ठरते, कारण दोन मीटरवरून सौम्य वॉश दिसतच नाही. शिवाय गटातल्या एखाद्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, नसेल, तर त्याच्याकडून एअरब्रशनेच साधणारा परिणाम मागण्यात अर्थ नाही.

माझ्या पहिल्या सामूहिक प्रकल्पात आम्ही पाच जणांनी फक्त ‘नॉर्मंडी, १९४४’ एवढेच ठरवले होते आणि ते पुरेसे आहे असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटत होते. विमाने एकत्र ठेवली तेव्हा दोघांवर पंखांच्या वर आणि खाली काळे-पांढरे पट्टे होते, दोघांवर फक्त खाली होते, आणि माझ्या टायफूनच्या चाकांवर चिखल असताना शेजारच्या स्पिटफायरवर पांढुरकी धूळ होती. एकाच्याही कामात चूक काढता येत नव्हती. तरीही मांडणी फसली होती, आणि ती का फसली हे कळायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली.

तेव्हा पहिले काम तारखेचे. वर्ष किंवा मोसम पुरत नाही, आठवडा तरी ठरवा. तुमच्या विषयात याचे कारण फार ठळक आहे. ६ जून १९४४ च्या हल्ल्याआधी अवघ्या दोन-तीन दिवसांत दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर ओळखीसाठी तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे रंगवण्यात आले. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद होता, म्हणजे १/४८ मध्ये साधारण ९.५ मिलिमीटर. सुमारे महिनाभराने वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली, कारण फ्रान्समधल्या पुढच्या तळांवर उभी असलेली विमाने त्यांच्यामुळे आकाशातून चटकन नजरेत येत होती; खालचे पट्टे मात्र पुढे बरेच महिने राहिले. म्हणजे जूनचा दुसरा आठवडा धरला तर पट्टे पूर्ण आणि तुलनेने ताजे, आणि जुलै-ऑगस्टची सीमा धरली तर वरचे पट्टे झाकलेले, खालचे शिल्लक आणि मळलेले. ही दोन वेगळी विमाने आहेत.

वरचे पट्टे झाकलेली अवस्था मला मॉडेलसाठी अधिक आवडते, कारण तिच्यात सांगण्यासारखे पुष्कळ असते. मूळ गडद हिरवा आणि ओशन ग्रे हे रंग उन्हाने थोडे विटलेले असतात, तर पट्टे झाकण्यासाठी मारलेला तोच रंग ताजा, किंचित गडद आणि कडेला थोडा वेडावाकडा दिसतो. हे साधायला फारसे कौशल्य लागत नाही. मूळ छटेत पाच-सात टक्के पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळून सगळे विमान रंगवा आणि पट्ट्यांच्या जागी न मिसळलेला, बाटलीतला रंग ब्रशने मारा. फरक इतकाच हवा की तो शोधावा लागेल. टायफून करणाऱ्या दोघांना एक सूचना: टायफूनच्या पंखांखाली १९४४ च्या सुरुवातीपर्यंत वेगळे काळे-पांढरे पट्टे असत, कारण तोफखाना त्याला जर्मन फॉके-वुल्फ १९० समजून गोळीबार करत असे. संदर्भ म्हणून वापरलेला फोटो त्या आधीच्या काळातला नाही ना, हे तपासून घ्या.

दुसरे काम जागेचे. ब्रिटिश क्षेत्रातल्या या तात्पुरत्या धावपट्ट्यांना बी आणि क्रमांक, तर अमेरिकन क्षेत्रातल्यांना ए आणि क्रमांक दिलेला असे. शेतजमीन बुलडोझरने सपाट करून त्या तयार केल्या होत्या आणि ब्रिटिश बाजूला अनेक ठिकाणी वर चौकटी विणीची लोखंडी जाळी अंथरली होती. माती उघडी पडली आणि कोरड्या हवेत प्रत्येक प्रोपेलरमागे धुळीचा लोट उठू लागला. ही धूळ किती बारीक होती याचा पुरावा टायफूनच्या सेबर इंजिनाने दिला. चोवीस सिलिंडरांच्या त्या इंजिनात नेहमीच्या झडपांऐवजी सरकत्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह व्हॉल्व्ह, होते. धुळीने ते इतके झिजू लागले की हवेच्या तोंडाशी बसवायचे फिल्टर घाईघाईने तयार करून लावावे लागले. १९ ते २२ जूनला मोठे वादळ झाले. त्या आठवड्यात विमाने मांडलीत तर धुळीऐवजी चिखल दाखवावा लागेल, आणि चिखल व धूळ दोन्ही एकाच विमानावर तेवढ्याच ताज्या दिसता कामा नयेत.

इथे मी सामूहिक कामातली सर्वांत उपयोगी युक्ती सांगतो, जी आम्हाला दुसऱ्या प्रकल्पात सुचली. बेसची जमीन ज्या पिग्मेंटच्या, म्हणजे कोरड्या रंगपुडीच्या, मिश्रणाने रंगवायची, त्याच मिश्रणाची धूळ सहाही विमानांवर गेली पाहिजे. एकाच माणसाने ते एकदाच, भरपूर प्रमाणात कालवावे आणि लहान डब्यांत भरून सगळ्यांना वाटावे. जो तो आपल्याकडची ‘धूळ’ नावाची बाटली वापरू लागला की एकाची धूळ वाळवंटातली पिवळी आणि दुसऱ्याची रस्त्याकडेची करडी निघते, आणि मग विमान त्या जमिनीवर उभे न वाटता तिच्यावर आणून ठेवल्यासारखे दिसते. पॅनेल लाइनच्या वॉशचेही असेच करा. रंगाची ब्रँड प्रत्येकाची वेगळी असली तरी मला फार फरक पडलेला दिसला नाही. धूळ आणि वॉश एक असले की डोळा बाकीचे सांभाळून घेतो.

तारीख आणि जागा सर्वांची एक, पण प्रत्येक विमानाचे वय वेगळे, हे तिसरे. सहाही विमाने सारखीच मळलेली असली तर तेही खोटे वाटते, कारण लढाईतल्या स्क्वाड्रनमध्ये नुकसान झालेल्या विमानांच्या जागी बदली विमाने सतत येत असतात. प्रत्येकाने आपल्या विमानाबद्दल तीन-चार ओळी लिहून गटात वाचून दाखवाव्यात: ते स्क्वाड्रनमध्ये कधी आले, इंजिन किंवा एखादे झाकण बदलले आहे का, कुठे ठिगळ आहे का, आणि आत्ता ते नुकतेच उतरले आहे की उड्डाणासाठी तयार होते आहे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्यातून बारकावे आपोआप सुचतात. स्पिटफायरच्या पंखातील मशीनगनच्या तोंडांवर थंडी आणि घाण आत जाऊ नये म्हणून तांबड्या कापडी पट्ट्या चिकटवत असत. विमान गोळीबार करून आले असेल तर त्या फाटलेल्या हव्यात. तयार होत असेल तर जुन्या काजळीवर नव्या, चमकदार तांबड्या पट्ट्या दिसायला हव्यात. गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पंखाखालच्या फटींतून बाहेर पडतात, म्हणून काजळीचे ओघळ पंखाच्या खालच्या बाजूलाही असतात, आणि ती बाजू पुष्कळ जण कोरीच सोडतात.

आता तुमच्या दुसऱ्या विमानाविषयी, ज्याच्यावर सगळीकडे चंदेरी टवके आहेत. टवका उडाला की खाली काय दिसेल, हा प्रश्न प्रत्येक टवक्यापूर्वी स्वतःला विचारावा लागतो. स्पिटफायरचे धड आणि पंख धातूचे आहेत, पण रडर, म्हणजे शेपटीचे हलणारे सुकाणू, कापडाने मढवलेले आहे; तेथे चंदेरी टवका पडूच शकत नाही. प्रोपेलरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मार्क ९ च्या चार पात्यांच्या रोटोल कंपनीच्या प्रोपेलरची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची असत, तर टायफूनची डी हॅविलँड कंपनीची पाती धातूची. म्हणजे टायफूनच्या पात्यांच्या पुढच्या कडेला धुळीने घासून निघालेली चंदेरी रेघ शोभून दिसेल, आणि तीच रेघ स्पिटफायरच्या पात्यांवर सर्रास ओढली तर जाणकार माणूस तेथेच थबकेल. मॉस्किटो हे तर बहुतांश लाकडाचेच विमान, तरी त्याच्यावर धातूचे टवके काढलेले मॉडेल मी कितीतरी वेळा पाहिले आहे, आणि एकदा, कबूल करतो, स्वतःही केले आहे.

टवके कुठे येतात हेही माणसांच्या वावरावर ठरते. स्पिटफायरचा वैमानिक डाव्या बाजूच्या छोट्या दारातून आत शिरतो, त्यामुळे डाव्या पंखाचे मूळ उजव्यापेक्षा अधिक झिजलेले असते. पेट्रोल वैमानिकापुढच्या टाकीत वरून भरतात, म्हणून तिच्या झाकणाभोवती सांडलेल्या इंधनाचा ओला, किंचित चकाकणारा डाग येतो. इंजिनावरची झाकणे मेकॅनिक वारंवार काढतात, म्हणून त्यांच्या खिट्ट्यांभोवती आणि कडांना बारीक खरवडल्याच्या खुणा पडतात. पंखाच्या टोकाकडे मात्र सहसा कोणी जात नाही, आणि तेथला रंग पुष्कळदा जवळजवळ नव्यासारखाच राहतो. टवके जेवढे कमी तेवढे त्यांचे कारण स्पष्ट दिसते. मी स्वतः टोकदार केलेली चंदेरी रंगपेन्सिल वापरतो. वॉर्निशच्या मॅट थरावर ती हलकेच टेकवली की कणाएवढी खूण उमटते आणि जास्त झाली तर ओल्या कापसाने पुसता येते.

प्रमाणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून समोर टांगून ठेवा. १/४८ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याएवढा रंगाचा तुकडा गेला. १/७२ मध्ये तोच टवका सात सेंटिमीटरहून मोठा होतो. तुमच्या तिसऱ्या विमानालाही हाच हिशेब लागू आहे. किटवर, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांवर, कोरलेली पॅनेल लाइन ०.२ मिलिमीटर रुंद असली तरी खऱ्या विमानावर ती एक सेंटिमीटरची फट होते, आणि खरा सांधा तेवढा रुंद कधीच नसतो. ती रेघ आधीच अवास्तव आहे. तिच्यात गडद काळा वॉश ओतला की विमान विमान न राहता त्याचा आराखडा दिसू लागतो. म्हणून वॉशचा रंग मूळ रंगापेक्षा दोन छटा गडद एवढाच असावा: हिरव्यावर काळपट हिरवट तपकिरी, खालच्या मीडियम सी ग्रेवर मध्यम राखाडी. जी झाकणे रोज उघडतात आणि जे पृष्ठभाग हलतात तेथे वॉश थोडा गडद चालतो, बाकी सर्वत्र अर्धा पुसून टाकावा. ही वागणूक विमानागणिक बदलते हेही ध्यानात असू द्या. पुढे कधी अमेरिकन लढाऊ विमान मस्टँग पी-५१डी केलेत तर त्याच्या पंखांचे पुढचे सांधे कारखान्यातच पुट्टीने भरून घासलेले आणि रंगवलेले असत, म्हणजे तेथे रेघाच दिसायला नकोत.

कामाचा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो: मूळ रंग, चकचकीत वॉर्निश, डेकल (चिकटवायची छापील चिन्हे), पुन्हा चकचकीत वॉर्निश, वॉश, मग मॅट वॉर्निश, आणि त्यावर टवके, धूर, डाग व शेवटी धूळ. चकचकीत थराशिवाय डेकल लावले तर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतात आणि मग कोणतेही वेदरिंग ते लपवत नाही. अॅक्रिलिकवर एनॅमल किंवा तैलरंग चालतात, मध्ये वॉर्निश पूर्ण वाळलेला असला तर. एनॅमलचा थिनर मात्र जपून वापरा. एकदा मी टायफूनच्या लँडिंग गियरच्या खोबणीत वॉश अक्षरशः ओतला होता. ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये तो झिरपला आणि दुसऱ्या दिवशी विमान उचलताना एक पाय बुडातून मोडून माझ्या हातात आला. वॉश ब्रशच्या टोकाने रेघेला स्पर्श करून सोडायचा असतो, ओतायचा नसतो. आणि ही सगळी कामे हवेशीर जागी, योग्य मास्क लावूनच करावीत, हे सांगायला मी कधी कंटाळत नाही.

एक्झॉस्टच्या धुरावर मात्र थोडे थांबतो, कारण नजर सगळ्यात आधी तेथेच जाते. बहुतेक जण काळा रंग घेऊन नळ्यांपासून शेपटीपर्यंत एक सरळ पट्टा मारतात. खरा डाग तीन थरांचा असतो. पहिला थर रुंद, फार पातळ आणि तपकिरी. मी त्यात नऊ भाग थिनर आणि एक भाग रंग घेतो, एअरब्रशचा दाब साधारण एक बारपर्यंत ठेवतो आणि दर फटक्यानंतर थांबून पाहतो. पहिल्या दोन फटक्यांत काहीच दिसले नाही तर समजावे की मिश्रण बरोबर आहे. दुसरा थर अरुंद आणि काळसर, नळ्यांच्या तोंडापासून सुरू होऊन लवकर विरणारा. तिसरा थर त्या काळ्याच्या मधोमध, फिकट करडा. इंधनात शिसे मिसळलेले असे आणि इंजिन पातळ, म्हणजे कमी इंधन आणि जास्त हवेच्या, मिश्रणावर बराच वेळ चालले की राखेसारखा फिकट थर बसतो. मिश्रण जाड असेल तर काजळी अधिक धरते. डागाची दिशा हवेच्या प्रवाहाची असते, म्हणून स्पिटफायरवर तो पंखाच्या मुळाजवळ किंचित वळतो आणि धडाच्या गोलाईला धरून मागे जातो. पट्टीने आखल्यासारखा सरळ डाग विमान उडालेले आहे असे कधीच सांगत नाही.

पोटाखालचे तेलाचे ओघळ याच्या उलट, कमी थरांचे पण निश्चित हवेत. इंजिनाच्या खालच्या झाकणाच्या सांध्यातून तेल गळते आणि हवेमुळे मागे ओढले जाते. तेथे काळपट तपकिरी तैलरंगाचा लहान ठिपका ठेवावा, दहा मिनिटे थांबावे आणि थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने पुढून मागे एकदाच ओढावे. पुन्हा पुन्हा ओढले की ओघळ नाहीसा होऊन सगळीकडे एकसारखा चिखलट पापुद्रा उरतो. टायफूनवर रॉकेट असतील तर रेलच्या मागे, पंखाच्या खालच्या बाजूला, धुराचा फिकट पट्टा द्या. तो काळ्यापेक्षा करडा असलेला बरा.

या सगळ्यांत गटाचे एकमत कसे ठेवायचे, यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडला आहे. प्रत्येकाने एखाद्या जुन्या, टाकाऊ किटचा पंख घ्यावा आणि त्यावर ठरवलेले सगळे टप्पे आधी करावेत. मग सहाही पंख एकाच दिव्याखाली, एकाच टेबलावर ओळीने मांडावेत आणि फोनने त्यांचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. रंग गेला की फक्त उजेड-अंधाराचा फरक उरतो आणि कोणाचा वॉश सगळ्यांपेक्षा गडद आहे ते दिसून येते, त्यासाठी वाद घालावा लागत नाही. आमच्या गटात या फोटोने दोन मित्रांमधली जुनी भांडणे मिटवली, जी माझ्या युक्तिवादांनी कधी मिटली नव्हती. सहा पंखांपैकी जो सर्वांना मध्यम वाटेल तो ‘मापाचा पंख’ ठरवून बाजूला ठेवावा. पुढे कोणीही काम करताना आपले विमान त्याच्याशेजारी धरून पाहावे आणि त्याच्यापेक्षा अधिक मळले असेल तर आपल्या तीन-चार ओळींत त्याचे कारण आहे का, हे तपासावे. दूरच्या शहरांतून काम करत असाल तर तो पंख टपालाने फिरवा. फोटोवर विसंबू नका, कारण प्रत्येकाचा पडदा वेगळा रंग दाखवतो.

एवढे ठरले की तुमच्या तीन तयार विमानांपैकी एकही टाकावे लागणार नाही. स्वच्छ असलेले स्पिटफायर त्या आठवड्यात आलेले बदली विमान करा. वरचे पट्टे झाकलेल्या आठवड्यात ते आले असेल तर त्याच्या वरच्या बाजूला पट्टे असण्याचे कारणच नाही. असतील तर तो भाग पुन्हा रंगवावा लागेल. बाकी त्याला फक्त चाके, त्यांची दारे आणि पोटाचा मागचा भाग यांवर धूळ द्या, एक्झॉस्टचा पहिला तपकिरी थर द्या आणि थांबा. इतरांच्या मानाने त्याचे ताजेपण मग चूक न वाटता मांडणीतली एक घटना वाटेल. एका विमानाचे इंजिन बदललेले असल्याचे दाखवायचे असेल तर झाकणे याच्याइतकीच स्वच्छ ठेवून बाकीचे विमान जुने दाखवता येईल, आणि दोन्ही शेजारी फार छान दिसतात.

काळ्या रेघांचे विमान दुरुस्त करणे वाटते तितके अवघड नाही. वॉश तैलरंगाचा किंवा एनॅमलचा असेल आणि त्यावर अजून वॉर्निश मारलेला नसेल, तर थिनरने ओलसर केलेल्या कापसाने तो हवेच्या दिशेने पुसून काढता येतो. वॉर्निशखाली दबला असेल तर मूळ रंग अतिशय पातळ करून एअरब्रशने रेघांवरून धुक्यासारखा फवारा, दोन-तीन वेळा. काळा राखाडीत विरतो आणि सगळ्या रंगांत एक मऊपणा येतो, जो खरे तर दूरवरून पाहिलेल्या विमानाचाच असतो. चंदेरी टवक्यांचे विमान सर्वांत जास्त वेळ घेईल. रडर आणि प्रोपेलरवरचे टवके पूर्ण झाका. पंखांवरचे निम्म्याहून अधिक टवके मूळ रंगाच्या बारीक ठिपक्यांनी बुजवा, पण डाव्या पंखाच्या मुळाजवळचे आणि इंजिनाच्या झाकणांवरचे राहू द्या. बुजवलेल्या ठिपक्यांचा रंग थोडा वेगळा आला तरी बिघडत नाही. जमिनीवरचे मेकॅनिकही ब्रशने रंग लावून असेच डाग झाकत असत. तुमच्या मित्राला मात्र हे हळुवारपणे सांगा. त्याने सर्वांत जास्त कष्ट घेतले आहेत आणि ते कष्ट वाया जात नाहीत. ते तीन जागी एकवटतात, आणि तेथे ते अधिक दिसतात.

राहता राहिली धूळ. ती विमाने बेसवर चिकटवण्यापूर्वी पूर्ण करू नका. पोट, फ्लॅप आणि चाकांच्या खोबणीत आधी द्या, पण टायर आणि त्यांच्या आसपासचा भाग कोरा ठेवा. सहाही विमाने जागेवर बसली, जाळीवर चाकांचे ठसे उमटवले, की त्याच डब्यातील पिग्मेंट मऊ ब्रशने टायरच्या खालच्या तृतीयांशावर आणि टायर जमिनीला टेकतो तेथे एकत्रच लावा, आणि पिग्मेंट बसवणाऱ्या द्रवाचा एक थेंब ड्रॉपरने कडेला सोडा. त्यावर पुन्हा मॅट वॉर्निश मारू नका. मी एकदा मारला आणि महिनाभर जपून लावलेली धूळ एका क्षणात ओल्या मातीच्या रंगाची होऊन जवळजवळ नाहीशी झाली. हे शेवटचे काम सहा जणांनी न करता एकानेच, एका बैठकीत करावे, आणि गटात ज्याचा हात सर्वांत हलका असेल त्याच्याकडे तो डबा द्यावा.